आडव्या पावसाचे कपडे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावलेली म्हादई घाट उतरून गोव्यात जाते आणि तिथे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. याच नदीचे नाव घेऊन गोव्यात बांधली गेलेली शिडाची एक नौका २००९ साली नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे घेत पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली, २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा स्त्रियांनी तारिणी या नौकेतून आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी पुन्हा तारिणीतूनच जगाला वळसा घातला. बेळगावात या बातम्या वाचताना नदीचे नाव दिसले की आमच्याकडच्या माणसाला थोडे घरचे कार्य असल्यासारखे वाटते. मला मात्र दर वेळी एक वेगळेच कुतूहल असते. दक्षिण महासागरात, चाळीस अंश अक्षांशाच्या खाली, पश्चिमेचे वारे अखंड वाहतात, लाटा डेकवरून धावतात आणि पाणी बर्फाहून थोडेच उबदार असते. तिथे महिनोन् महिने राहणाऱ्या माणसाच्या अंगावर नेमके काय असते?

हे कुतूहल अगदीच पुस्तकी नाही. मी टिळकवाडीत राहतो. समुद्र आमच्यापासून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या वाटेने साधारण तीन तासांवर आहे. पावसाळा सरला की जमेल त्या शनिवारी पहाटे निघून गोवा गाठायचा आणि मांडवीच्या मुखाशी छोट्या शिडाच्या होडीत जाऊन बसायचे, हा माझा आणि माझ्या पुतणीचा छंद होता. ती आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शिकते आणि तिथल्या थंड समुद्रात मोठ्या नौकांवर जाते. तिच्यामुळे खराब हवेतल्या कपड्यांचा प्रश्न आमच्या घरात रीतसर चर्चेला आला आणि या चर्चेत मला जाणवले की पावसाविषयी सगळे काही ठाऊक असल्याचा जो समज आम्हा बेळगावकरांना असतो, तो समुद्रावर फारसा उपयोगी पडत नाही.

आमच्याकडे पाऊस वरून पडतो, निदान त्याच हिशेबाने आमचे कपडे घडले आहेत. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात भाताची रोपे लावताना माणूस कमरेत वाकलेला असतो, म्हणून इरले पाठीवर बसते आणि पुढून पूर्ण उघडे राहते. पोत्याची किंवा प्लास्टिकची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडली की तिचेही काम संपले. पोट, हात आणि पाय भिजले तरी चालते, कारण ते चिखलातच असतात आणि काम चालू असेपर्यंत अंग गरम असते. या उघडेपणातच तिची खरी हुशारी आहे: घाम समोरून निघून जातो. धनगराचे घोंगडे याहूनही विचारपूर्वक केलेले वस्त्र आहे. दख्खनी मेंढीची आखूड, जाडीभरडी लोकर, घट्ट वीण आणि वरून चिंचोक्याची खळ, त्यामुळे सुरुवातीचे पाणी घरंगळून जाते आणि नंतर घोंगडे भिजून जड झाले तरी आत ऊब टिकते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही, शिवाय शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. हे शास्त्र पुस्तकात आले त्याच्या कितीतरी आधी माळावर रात्र काढणाऱ्या माणसाला ठाऊक होते. सुताचे याच्या अगदी उलट आहे. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, अंगाला चिकटतो आणि वारा लागला की अंगातली उष्णता खेचून घेतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, एवढे लक्षात ठेवले तर नौकेवर जाताना सुती बनियन घालू नये हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

समुद्रावर मात्र पाऊस आडवा येतो आणि पुष्कळदा खालूनही येतो. नौका वाऱ्याच्या दिशेकडे चढत असते तेव्हा वाहता वारा आणि नौकेचा स्वतःचा वेग यांची बेरीज चेहऱ्यावर आदळते. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, लाटेत शिरली की पाण्याचा झोत डेकवरून मागे येतो, गुडघ्यावर फुटतो आणि जॅकेटच्या खालच्या कडेतून वर चढतो. शिडाची दोरी ओढायला हात वर गेला की मनगटातून शिरलेले पाणी कोपरापर्यंत सुखाने उतरते. इरल्याचा हिशेब इथे पूर्णपणे उलटतो: पाठीपेक्षा छाती, मान आणि मनगटे महत्त्वाची ठरतात. आमच्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस म्हणजे जुलैमध्ये दुचाकीवरून बेळगाव-खानापूर ये-जा करणारा नोकरदार. त्याला विचारा, तो सांगेल की रेनकोट कापडातून कधीच गळत नाही, तो गळतो चेनमधून, गळ्यातून आणि मांडीवर साचलेल्या डबक्यातून. मात्र तो तासाभरात घरी पोहोचून कोरडे धोतर नेसतो. नौकेवर चार तासांची पाळी असते, त्यातला निम्मा वेळ सुकाणूपाशी जवळजवळ निश्चल बसून काढायचा असतो, आणि पाळी संपल्यावर ज्या कोठडीत झोपायला जायचे तीही दमट असते.

म्हणून माझे असे ठाम मत झाले आहे की समुद्रावरचे कपडे पाणी अडवण्याच्या ताकदीवरून निवडणे म्हणजे चुकीच्या टोकाकडून सुरुवात करणे होय. आधी ठरवायचे ते हे की आपण किती थंडीत आणि किती वेळ हालचाल न करता बसणार आहोत. पाण्याचा विचार त्यानंतर.

पाणी अडवणे हा माणसाने पुष्कळ आधी सोडवलेला प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मधे रबराचा थर देऊन कापड अभेद्य करण्याचे पेटंट घेतले. नॉर्वेत हेली युएल हॅन्सन या दर्यावर्दी कप्तानाने १८७७ मध्ये पत्नीसह जवसाच्या तेलात भिजवलेल्या जाड कापडाचे कोट शिवायला सुरुवात केली. या कोटांतून पाणी आत येत नसे, पण घामही बाहेर जात नसे, आणि दोरखंडाशी झगडणारा खलाशी बाहेरून कोरडा आणि आतून चिंब होई. ही अडचण सुटायला १९६९ साल उजाडले. अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक एकदम झटक्याने ताणले तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडलेला पडदा तयार झाला. पाण्याच्या थेंबापेक्षा ही छिद्रे सुमारे वीस हजार पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे सातशे पटींनी मोठी असतात, त्यामुळे थेंब अडतो आणि वाफ निसटते. आजचे बहुतेक चांगले सागरी जॅकेट या पडद्याचे किंवा त्याच्या भावंडांचे असते: बाहेर चिवट नायलॉन, मधे पडदा, आत पातळ अस्तर, आणि सगळ्या शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी. ही पट्टी का लागते ते कोणताही शिंपी सांगेल; सुईने पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते.

लेबलावर दहा हजार किंवा वीस हजार मिलिमीटर असा आकडा लिहिलेला असतो, तो म्हणजे पाणी पलीकडे झिरपू लागण्याआधी त्या कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहू शकतो याचे माप. पडणाऱ्या पावसाचा दाब त्यापुढे क्षुल्लक असतो. पण माणूस ओल्या डेकवर गुडघे टेकतो किंवा बसतो तेव्हा त्या जागी दाब कित्येक पटींनी वाढतो, आणि म्हणून पॅंटचा बसण्याचा भाग आणि गुडघे दुहेरी कापडाचे असावे लागतात. घेताना मी आकड्याआधी तिथेच बोट फिरवून पाहतो.

आता वाफ निसटते या वाक्यातली मेख पाहिली पाहिजे, कारण आमच्यासारख्यांची खरी फसगत तिथे होते. वाफ आपखुशीने बाहेर जात नाही. आत तिचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. इंग्लंडच्या १० अंशांच्या हवेत हा फरक भरपूर असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळी २५ अंशांची ओलसर हवा त्या १० अंशांच्या हवेच्या सुमारे अडीचपट वाफ आधीच पोटात बाळगून असते, मग आपल्या घामाला ती जागा कुठून देणार? परदेशी कॅटलॉग पाहून घेतलेले तीन थरांचे महागडे जॅकेट मांडवीच्या मुखाशी घातले तर तासाभरात आत जवसाच्या तेलाचा जुना कोटच अवतरतो. आपल्या उबदार समुद्रात छोट्या होडीवर जायचे तर अंगाला बसणारा पॉलिएस्टरचा लांब बाह्यांचा सदरा आणि त्यावर वारा अडवणारे पातळ, गळा आणि मनगटे आवळता येणारे जॅकेट एवढे पुरते. तिथे भिजणे टाळायचे नसते, भिजल्यावर वारा लागू द्यायचा नसतो. आणि पाऊस थांबला की दहा मिनिटांत ऊन भाजते, ही गोष्ट कुठल्याच उत्तरेकडच्या पुस्तकात ठळक केलेली नसते.

पुतणीचा प्रश्न उलट्या बाजूचा होता. इंग्लिश खाडीचे पाणी हिवाळ्यात आठ-दहा अंशांपर्यंत उतरते आणि ऐन उन्हाळ्यातही सोळा-अठराच्या पुढे फारसे जात नाही. पंधरा अंशांहून थंड पाण्यात माणूस अचानक पडला तर पहिल्या काही क्षणांत श्वासावरचा ताबा सुटतो. तिथे थरांचा हिशेब काटेकोरपणे करावाच लागतो: अंगालगत पातळ लोकर किंवा घाम पुढे ढकलणारे कृत्रिम धाग्याचे कापड, त्यावर हवा धरून ठेवणारा जाड लोकरी किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत बाहेर वारा-पाणी अडवणारे कवच. ऊब मधला थर देतो. बाहेरच्या जॅकेटचे काम त्या उबेला राखण बसण्याचे आहे, आणि दुकानदार नेमका त्या राखणदाराचाच पगार सगळ्यात जास्त लावतो. धनगराच्या एका घोंगड्यात यातले मधले आणि बाहेरचे काम बऱ्यापैकी भागते हे पुतणीला सांगितले तेव्हा तिने घोंगडे नेसून शीड कसे ओढायचे असे विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता.

सुट्टीत येताना तिने तिथल्या कोणाकडून वापरलेला एक जोड स्वस्तात घेऊन आणला होता: लाल जॅकेट आणि छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पॅंट. जुलैचा दुसरा पंधरवडा होता आणि आम्ही गावाकडच्या घरी होतो. जांबोटीच्या बाजूचा पाऊस तोलामोलाचा असतो. कौलांवरचे सगळे पाणी पत्र्याच्या पन्हळीत गोळा होऊन अंगणाच्या कोपऱ्यात मनगटाएवढ्या धारेने पडत होते. याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? तिने सगळे चढवले, टोपी आवळली आणि धारेखाली जाऊन दोन्ही हात शीड ओढल्यासारखे वर केले. पहिली काही मिनिटे ठीक गेली. मग तिने डावा हात झटकला.

"काका, आत पाणी यायलंय."

"कुठनं?"

"काखेतनं. आणि मानेला गारगार लागायलंय."

जॅकेट उलटे करून ओटीवर पसरले तेव्हा काखेतल्या शिवणीवरची पट्टी बोटभर लांबीत सुटून कागदासारखी वळलेली दिसली. पट्टी उन्हातल्या साठवणीने आणि घामाने अशी सुटते, आणि एवढेच असेल तर ती नव्याने चिकटवता येते. मानेपाशी मात्र आतल्या अस्तराला फोड आले होते. म्हणजे पडदा कापडापासून सुटला होता, आणि त्याला उपाय नाही. वापरलेले कपडे घेताना बाहेरची चमक पाहू नये, ते उलटे करून शिवणी, कॉलर आणि काखा पाहाव्यात. मनगटाला घट्ट बसणारी रबरी कड असेल तर ती ताणून तिच्यावर चिरा दिसतात का हेही बघावे. पॅंट मात्र उत्तम निघाली. ती तिने ठेवली.

आजी ओटीवर बसून हा सगळा प्रकार पाहत होती. ती एकदाच बोलली: "अगं, एवढं सगळं अंगावर घालून पाण्यात पडलीस तर वर कशी येणार गं तू?"

प्रश्न बाळबोध वाटला तरी जाणत्याचा होता. भिजलेला कपडा पाण्याच्या आत असताना माणसाला खाली ओढत नाही, कारण कपड्यात शिरलेल्या पाण्याला पाण्यात वजन नसते. उलट सुरुवातीला थरांत अडकलेली हवा थोडा आधारच देते. तो जड होतो ते पाण्याबाहेर येताना, शिडीच्या पहिल्या पायरीवर, आणि थकलेली माणसे तिथेच हरतात. म्हणून कवच कितीही चांगले असले तरी त्यावर लाइफ जॅकेट आणि नौकेला बांधून ठेवणारा पट्टा यांना पर्याय नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळले तेव्हा ३०३ नौकांच्या त्या ताफ्यातले पंधरा स्पर्धक दगावले, आणि त्यानंतर या पट्ट्यांच्या मजबुतीचा विचार सगळीकडे नव्याने झाला. जॅकेट निवडताना लाइफ जॅकेट वरून घालूनच पाहायचे, हा नियम तेव्हापासून मी तरी मोडलेला नाही. पुष्कळदा उंच कॉलर आणि लाइफ जॅकेटचा फुगणारा भाग एकमेकांना जागा देत नाहीत.

जॅकेटच्या टोपीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. मान डावीकडे वळवल्यावर समोर समुद्र न दिसता टोपीचे अस्तर दिसत असेल, तर ते जॅकेट कितीही नामांकित असो, परत ठेवावे. शिडाची आडवी काठी कधी अंगावर येईल ते बाजूच्या नजरेलाच आधी कळते. मागून आवळणारी दोरी, कपाळावर कडक छज्जा आणि गालापर्यंत येणारी कॉलर असली की झाले. रंगही इथेच ठरवावा. निळे आणि पांढरे जॅकेट कॅटलॉगात देखणे दिसते, पण पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके आणि खांदेच काय ते वर दिसतात, आणि फेसाळ समुद्रात निळे-पांढरे क्षणात हरवते. पिवळा, नारिंगी, लाल. आणि टोपीवर, खांद्यावर प्रकाश परतवणारी पट्टी. पुतणीच्या मैत्रिणींना पिवळा रंग फॅशनचा वाटत नाही म्हणे. त्यांनी दुसऱ्या कोणालातरी पिवळा घालायला लावून स्वतः निळ्यात समुद्रावर जाऊ नये, एवढेच मी म्हणेन.

पॅंटच्या बाबतीत स्त्रियांची एक खरी अडचण आहे आणि तिच्याविषयी पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांत मौन असते. खांद्यावर पट्टे असलेली छातीपर्यंतची पॅंट डोलणाऱ्या नौकेच्या टीचभर संडासात उतरवायची म्हणजे आधी लाइफ जॅकेट, मग जॅकेट, मग पट्टे असे सगळे काढावे लागते, आणि हा उपद्व्याप टाळण्यासाठी कित्येकजणी पाणीच कमी पितात, जे थंडीत आणखी वाईट. आता मागच्या बाजूने चेन उघडून बसता येईल अशा पॅंटी मिळतात. तिने ठेवलेली पॅंट तशी नव्हती, आणि लांबच्या सफरीसाठी ती बदलावी असे मी तिला सुचवले आहे.

बूट घेताना तळव्याचे रबर मऊ आणि बारीक चिरा असलेले हवे. अमेरिकेत पॉल स्पेरी यांनी १९३५ साली बुटांच्या तळव्याला असे काप दिले तेव्हापासून ओल्या डेकवर उभे राहणे सुसह्य झाले. खडे बाजारातले शेतकामाचे गमबूट स्वस्त आणि मजबूत असतात, पण त्यांचा खाचांचा तळवा चिखलासाठी केलेला असतो, ओल्या गुळगुळीत डेकवर तो सरकतो. बूट लोकरी मोज्यासकट घालून पाहावा आणि गरज पडली तर पाण्यात लाथ झाडून काढता येईल इतका सैल घ्यावा. हातमोज्यांवर फार खर्च करू नये, ते भिजतातच. दोन जोड असावेत आणि एक नेहमी कोरडा राहावा.

निगा राखण्याचा भाग उरतो, आणि बेळगावी पावसाळ्यात तोच सर्वांत कटकटीचा. समुद्राचे पाणी वाळले की कापडात मीठ राहते, मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि जॅकेट पुढच्या वेळी कोरडे असूनही दमट लागते, म्हणून दर सफरीनंतर ते गोड्या पाण्यात खळखळून धुतलेच पाहिजे. कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाणी थेंबाथेंबाने घरंगळण्यासाठी दिलेला लेप झिजला की कापड पाणी पिते, जड होते आणि आतल्या पडद्याला श्वास घेता येत नाही. लोक समजतात जॅकेट गळू लागले, प्रत्यक्षात ते आतल्या घामानेच भिजलेले असते. साधा कपडे धुण्याचा साबण हा लेप मारतो. त्यासाठी मिळणारा खास द्रव वापरून धुतल्यावर लेबलावर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की लेप बराचसा पुन्हा जागा होतो. पण जून ते ऑगस्ट आमच्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही, तिथे हे तीन थरांचे धूड वाळवायचे कसे? आम्ही ते पंख्याखाली, चेन उघडी ठेवून, बाह्या उलट्या करून टांगतो. घडी घालून कपाटात ठेवले की आठवड्यात बुरशी धरते.

परत गेल्यावर पुतणीने नवे जॅकेट घेतले, मधल्या किमतीचे, नारिंगी रंगाचे, टोपी नीट वळणारे. वाचलेल्या पैशांत लोकरीचे दोन बनियन आले, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीतला शहाणपणाचा सौदा तोच होता. नव्या जॅकेटच्या बाह्या मात्र दोन बोटे लांब आहेत. दुकानदाराने तिला लहान माप दाखवले होते; तिने आत जाड थर घालून हात वर करून पाहिले आणि लांबच घेतले.